कूलिंग टॉवरवरची करुणा

करुणा,

हे पत्र तुला आहे, पण तुझ्या एकटीला नाही. आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा अंक निघतोय आणि संपादकांना माझ्याकडून परिसरातल्या एखाद्या व्यक्तीवर लेख हवा आहे. त्यांच्या डोळ्यांसमोर एखादा सभापती नाहीतर डॉक्टर असणार. मी तुझं नाव कळवलं. ते फोनवर म्हणाले, "म्हणजे त्या सांडपाण्याच्या मॅडम का?" मी म्हटलं, त्याच.

तेव्हा तुला पाठ असलेल्या गोष्टीही मला इथे सांगाव्या लागतील, कारण वाचणारे तुला ओळखत नाहीत. ‘बाई, हे मला माहीत आहे’ असं पुटपुटत पानं उलटू नकोस. यात एक गोष्ट अशी आहे की ती तुला माहीत नाही. तेवढ्यासाठी लिहायला बसले, नाहीतर चौऱ्याहत्तराव्या वर्षी अंकात नाव छापून आणण्याची मला हौस नाही.

सुरुवात तुझ्या वडिलांपासून करायला हवी. धोंडीबा पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. कॅनॉलची चारी, तिच्यावरची गेटं, कुणाच्या शेताला कधी पाणी ती पाळी, हे सगळं सांभाळणारा माणूस म्हणजे पाटकरी. खाकी शर्ट, सायकल, हँडलला अडकवलेली गेटाची लांब चावी, आणि कॅरिअरवर तू. आपल्या कळस गावाचा हा भाग चारीच्या टोकाला येतो. टोकाला आपण ‘टेल’ म्हणतो. वरचे बागायतदार उसाला पाणी पाजत राहतात आणि टेलला पोहोचतो तो नुसता ओलावा, हे इथल्या पोराला चालायला लागायच्या आधी कळतं.

टेलला पाणी कमी उतरलं की लोक धोंडीबांच्या अंगावर धावून जायचे. धरणातूनच कमी सोडलं, कॅनॉल फुटला, साहेबाने खाल्लं, शंभर गोष्टी. ते वाद घालायचे नाहीत. सायकल झाडाला टेकवायचे आणि चारीच्या कडेने वर चालत निघायचे, एकेक मोरी, म्हणजे वाटेखालून पाणी जायचं तोंड, बघत. मोरीच्या वरच्या अंगाला पाणी फुगलेलं आणि खालच्या अंगाला उतरलेलं दिसलं की तिथे हात घालायचे. कधी दगड निघायचा, कधी मातीने भरलेली पोती. एकदा एका मोठ्या बागायतदाराच्या मोरीतून चार पोती निघाली. तुझ्या वडिलांनी ती काठावर ओळीने ठेवली आणि खात्याच्या डायरीत त्या माणसाचं पूर्ण नाव लिहिलं. तो म्हणाला, "धोंडीबा, गाळ लिही की. गाळ काय भांडायला येतोय?" वडिलांनी नावच ठेवलं. महिन्याभरात बदली झाली, सांगोल्याकडे. दोन वर्षं तुम्ही त्यांना सुट्टीपुरतंच बघितलंत. हे तूच मला नववीत असताना सांगितलंस, अगदी सहज, गृहपाठ का झाला नाही याचं कारण म्हणून.

शाळेत तू हुशार होतीस वगैरे मी लिहिणार नाही. तशा मुली दरवर्षी चार असायच्या. तुझं खूळ निराळं होतं. उष्णता तेवढीच दिली आणि पाणी निम्मं घेतलं तर तापमान दुप्पट चढतं, असं मी फळ्यावर लिहिलं. वर्गाने वहीत उतरवलं आणि विषय संपला. तू दुसऱ्या दिवशी घरी दोन पातेल्यांत करून बघून आलीस. "बाई, दुप्पट नाही चढत. थोडं कमी चढतं." पातेलंही तापतं ना, हे मी सांगायच्या आत तूच सांगितलंस. खरं सांगायचं तर मला तेव्हा रागच आला होता.

पदवी तू बारामतीला केलीस. काही वर्षं एका डिस्टिलरीच्या लॅबमध्ये काढलीस. लग्न झालं, दोन वर्षांनी परत आलीस. त्याबद्दल मी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस. मग आपल्याच इथल्या खाजगी कारखान्याच्या वीज प्रकल्पात केमिस्ट म्हणून लागलीस. अकरा महिन्यांचा करार, दरवर्षी नवा.

आता या प्रकल्पाचं, थोडक्यात. कारखाना हंगामात ऊस गाळतो आणि बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर, बॉयलर पेटवून वीज करतो. हंगाम संपला तरी साठवलेल्या बगॅसवर वीज चालू राहते. वाफेने टर्बाइन फिरते, आणि फिरवून झालेली वाफ थंड करून तिचं परत पाणी करावं लागतं. ही वाफ थंड करायला दुसरं पाणी लागतं. ते तापून बाहेर येतं, कूलिंग टॉवरच्या माथ्यावरून खाली सोडतात, वारं लागून निवतं आणि खालच्या हौदात पडून पुन्हा कामाला लागतं. पण दर फेरीला त्यातलं काही वाफ होऊन उडून जातं. ते भरून काढायला दिवसाला पंधरा लाख लिटर नवं पाणी. इतकी वर्षं ते आपल्याच चारीतून उपसलं जायचं, टेलच्या वर अर्ध्या किलोमीटरवर. उन्हाळ्यात त्या पंपाचा आवाज सुरू झाला की तुझी आई मालनबाई हातातलं काम टाकून दाराशी येऊन उभी राहायची. तुमचं दीड एकर डाळिंब त्या पंपाच्या खाली आहे.

म्हणून शहराचं सांडपाणी शुद्ध करून इथे आणायचं ठरलं, तेव्हा तुला झालेला आनंद मी पाहिला आहे. बारामतीच्या बाजूने सतरा किलोमीटरची पाइपलाइन आली. शहरातल्या न्हाणीघरांचं, मोऱ्यांचं, संडासांचं पाणी शुद्धीकरण केंद्रातून निघून आपल्या कूलिंग टॉवरला येणार, आणि चारीचं पाणी चारीला राहणार. सरळ गोष्ट होती. पण ते पाणी रोज तपासायचं, त्याला औषधं घालायची, त्याच्या नळ्यांवर लक्ष ठेवायचं, हे कुणी करायचं? प्रकल्पात केमिस्ट दोन होते. दुसरा म्हणाला, माझ्या घरी देवधर्म कडक आहे, मला या पाण्याला हात लावता येणार नाही. मॅनेजर हिंदुराव लगेच म्हणाले, "करुणाताईंना चालतंय की." तुमच्या घरी का चालतं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि खोलीतल्या कुणाला ते विचारावंसं वाटलं नाही. तू एवढंच म्हणालीस, "लॅबला एक्झॉस्ट पंखा मिळेल का?" माझ्या घरी येऊन हे सांगताना मात्र चहाचा कप तुझ्या हातात तसाच राहिला, साय धरेपर्यंत.

मार्चमध्ये ग्रामसभा झाली. कारखान्याचे चेअरमन बापूसाहेब यांनी माइकवरून शब्द दिला. एप्रिलमध्ये पंधरा दिवसांची चाचणी. पंधरा दिवस मशीन या पाण्यावर नीट चाललं तर चारीवरचा पंप कायमचा काढणार. या पाण्यामुळे कसलाही अडथळा आला, तर पंप त्याच दिवशी पुन्हा चालू. कॅनॉलच्या पाण्याचं उन्हाळी आवर्तनही त्याच दिवसांत सुटायचं होतं. टेलच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते वळून तुझ्याकडे बघत होते.

पहिल्या दिवशी जलपूजन ठेवलं. आपल्याकडे पाण्याचं काहीही असो, जलपूजन हवंच. हौदाच्या कडेला मांडव, पाइपाच्या तोंडाला झेंडूची माळ. माझी शेजारीण गोजरबाई पदर डोक्यावर ओढून चांगली मोठ्यांदा म्हणाली, "नाल्याच्या पाण्याची वटी भरत्यात व्हय? आता संडासापुढं बी नारळ फोडा."

फिटर सोमनाथ जवळच उभा होता. म्हणाला, "मावशी, तुमची लेक बारामतीलाच दिलीया न्हवं? तिच्या घरचं बी पाणी आलंया ह्यात. मानानं घ्या."

गोजरबाई पदर सावरून मांडवाच्या दुसऱ्या टोकाला गेली.

ओटी भरायला चेअरमनांची बायको राजेश्वरी होती. तीही माझीच विद्यार्थिनी, तुझ्यापुढे चार वर्षं. नारळ, तांदूळ, हिरव्या बांगड्या, आणि खणाऐवजी अख्खी साडी आणली होती, हिरवी, रुंद जरीकाठाची. कॅनॉलच्या पहिल्या पाण्याला आपल्याकडे असंच करतात. फरक इतकाच की साडीचा नुसता पदर पाण्याला लावतात आणि साडी पाटकऱ्याच्या घरी देतात. तुझी आई अशा साड्या घ्यायची. पूजेची म्हणून नाही. तुमच्या घरातून ते सगळं आजोबांच्या वेळीच गेलं. नवऱ्याच्या कामाचा मान म्हणून घ्यायची.

त्या दिवशी साडी पाण्यात गेली. अख्खी. ती कशी गेली ते शेवटी सांगते. तू तिथे नव्हतीस, लॅबमध्ये पहिल्या पाण्याच्या बाटल्या भरत होतीस. नारळ तरंगत होते ते सोमनाथने काढून घेतले. हौदावर फेस धरला होता. शुद्ध केलं तरी या पाण्यात साबणाचा अंश राहतो. फेस मारायचं औषध तू आधीच मागितलं होतंस, ते आलं नव्हतं. साडी फेसाखाली गेली आणि सगळे जेवायला गेले.

सहाव्या दिवशी सकाळी साडेअकराला तुझा फोन आला.

"बाई, शाळेतली पाऱ्याची थर्मामीटरं तुमच्याकडे आहेत ना अजून?"

"आहेत."

"दोन घेऊन या. आत्ता लगेच. रिक्षा पाठवलीय."

का, ते सांगितलं नाहीस. तुझा आवाज एरवीपेक्षा हळू होता, म्हणून मीही विचारलं नाही. चप्पल घालतानाच रिक्षा आली.

मी पोहोचले तेव्हा कंट्रोल रूमबाहेर उन्हात तू आणि हिंदुराव समोरासमोर उभे होता. वापरलेली वाफ जिथे थंड होते त्या कंडेन्सरमध्ये निर्वात पोकळी राखावी लागते. तिथे सगळे तिला व्हॅक्यूम म्हणतात. वाफ नीट थंड झाली नाही की व्हॅक्यूम पडतो. नेहमीचा आकडा पॉइंट नाइन. त्या दिवशी सकाळपासून घसरत तो पॉइंट एट वनवर आला होता. पॉइंट सेव्हनला टर्बाइन आपोआप बंद पडते. बंद पडली की चाचणी संपली.

हिंदुराव म्हणत होते, "पाणी घाण हाय. आतनं नळ्यांना थर बसलाय. मी पहिल्यापासनं सांगत होतो. कॅनॉलच्या पंपावर माणूस बसवलाय मी."

"थर बसला असता तर बाहेर येणारं पाणी नेहमीएवढंच तापलं असतं, साहेब. हे जास्त तापतंय. म्हणजे पाणी घाण नाही, पाणी कमी येतंय."

"पंप तर फिरत्यात की दोन्ही."

"फिरतायत. पण पाणी कमी येतंय."

"मग तुझा मीटर बिघडलाय."

तेवढ्यासाठी तुला थर्मामीटरं हवी होती. तू एक आत जाणाऱ्या पाण्याच्या नळाखाली धरलंस, एक बाहेर येणाऱ्या. तीन मिनिटं दोन्ही तशीच धरून ठेवलीस. आत बत्तीस, बाहेर शेहेचाळीस. नेहमीचा फरक नऊचा, आज चौदा. तुझ्या मीटरनेही चौदाच दाखवले होते.

"शाळेच्या थर्मामीटरवर मी पंचवीस मेगावॅटचं मशीन चालवू?" हिंदुराव म्हणाले.

मी म्हटलं, "पारा कुणाचा नोकर नसतो, हिंदुराव." त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही, आणि बरोबरच होतं. मशीन बंद पडलं तर जाब त्यांना द्यायचा होता, मला नाही.

तेवढ्यात तुझा फोन वाजला. मालनबाई होत्या, उन्हात घाईने बोलत होत्या, मला शेजारी ऐकू येत होतं. "पोरी, पंपाला मानूस आलाय. वरनं पाणी सुटलंया, आत्ता कुटं चारीत दिसाया लागलंय. हे चालू करत्यात का? समदी हितं जमल्यात. काय सांगू त्यास्नी?"

"थांब आई," म्हणालीस आणि फोन सोमनाथच्या हातात दिलास.

मग तू वाद सोडलास आणि चालायला लागलीस. कंडेन्सरपासून मोठ्या पाइपाच्या कडेने उलट्या दिशेला, पंपांपर्यंत. पंपांवर हात ठेवून बघितलंस, पुढे गेलीस. पंपांच्या मागे हौदाच्या कडेला दोन खड्डे आहेत, त्यांतून पंप पाणी ओढतात, आणि प्रत्येक खड्ड्याच्या तोंडाला लोखंडी जाळी. वर सगळीकडे पांढरा फेस, त्यामुळे पातळी दिसत नव्हती. सोमनाथकडून तू बांबू मागितलास आणि फेस बाजूला सारलास. पहिल्या जाळीशी पाणी दोन्हीकडे सारखं. दुसऱ्या जाळीच्या अलीकडे पाणी वर, पलीकडे दोन वितींनी खाली.

तू बांबू सोमनाथला परत दिलास. मग म्हणालीस, "मोरी भरलीय."

"कसली मोरी, ताई?" सोमनाथ म्हणाला. त्याचं खरं होतं, तिथे मोरी नव्हती. मला मात्र धोंडीबांची सायकल डोळ्यांसमोर आली आणि काय चाललं आहे ते कळलं.

जाळी वर काढायची तर त्या खड्ड्याचा पंप बंद करावा लागणार, नाहीतर जे अडकलं आहे ते पंपात जाईल. तिसरा, जादा पंप होता, पण त्याची मोटार दुरुस्तीला बाहेर गेली होती. म्हणजे एका पंपावर मशीन चालवायचं, एप्रिलच्या भर दुपारी. लोड, म्हणजे विजेचं उत्पादन, उतरवला तरी व्हॅक्यूम आणखी पडणार. पॉइंट सेव्हनच्या खाली गेला तर टर्बाइन बंद होणार, आणि ती बंद पाडली तू, असं होणार.

"आणि जाळीत काय निघालंच न्हाय तर?" हिंदुरावांनी विचारलं.

"तर माझी चूक."

"तू चूक म्हणशील आणि घरी जाशील. लोड कमी केला की वरनं फोन मला येतोय."

"फोन मी घेते. पण कॅनॉलचा पंप सुरू केलात तरी जाळी अशीच राहणार, साहेब. पाणी कुठलंही आणा, वाट बंद आहे. तासाभरात मशीन तसंही पडेल."

यावर त्यांनी घड्याळाकडे बघितलं, टॉवरकडे बघितलं. "दहा मिनिटं. अकराव्या मिनिटाला मी कॅनॉलचा पंप सुरू करणार आणि पाणी खराब म्हणून लिहिणार."

कंट्रोल रूमने लोड निम्म्यावर आणला. दुसरा पंप थांबला आणि त्याचा आवाज गेल्यावर इतकं शांत वाटलं की टॉवरमधून पडणारं पाणी वेगळं ऐकू यायला लागलं. सोमनाथने जाळीच्या कड्यांत साखळी अडकवली आणि चेनब्लॉकने, म्हणजे साखळीच्या कप्पीने, ओढायला लागला. कंट्रोल रूममधला माणूस वॉकीटॉकीवर आकडे सांगत होता.

"पॉइंट सेव्हन एट."

जाळी जागची हलेना. सहा दिवस पाण्याने तिला खाचेत दाबून धरलं होतं. सोमनाथ कठड्यावर पाय रोवून लोंबकळला.

"पॉइंट सेव्हन सिक्स."

"हातोडी," तू म्हणालीस. सोमनाथने खाचेच्या बाजूला चार ठोके मारले. करकर आवाज झाला आणि जाळी वीतभर वर आली, मग पुन्हा अडकली. तुझे दोन्ही हात साखळीला होते. तळहात सोलले ते मला दुसऱ्या दिवशी दिसले. तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

"पॉइंट सेव्हन फोर. मॅडम, सेव्हन थ्री."

"पाच मिनिटं झाली," हिंदुराव म्हणाले. आणि मग, हे त्यांच्या बाजूने लिहायलाच हवं, त्यांनी घड्याळ खिशात टाकलं, बाह्या वर केल्या आणि साखळीला तिसरे हात लागले.

"सेव्हन टू."

जाळी एकदम सुटली. पाणी गाळत वर आली, आणि तिच्याबरोबर, फेसाने मढलेली, काथ्या आणि सडक्या तांदळाने भरलेली, अख्ख्या जाळीवर पसरून घट्ट चिकटलेली हिरवी साडी. रुंद काठ. त्यात तीन हिरव्या बांगड्या अडकलेल्या, एकही फुटलेली नाही.

सोमनाथने ती दोन हातांनी सोलून काढली. जाळी परत खाली गेली, पंप सुरू झाला. "सेव्हन टू. सेव्हन टू. सेव्हन फाइव्ह." कुणी आनंद दाखवला नाही. सगळे त्या साडीकडे बघत होते. जलपूजनाचे फोटो गावाच्या ग्रुपवर सगळ्यांनी पाहिले होते. ती कुणाची, हे विचारायची गरज नव्हती.

अडीच वाजता आकडा पॉइंट एट नाइन झाला. तू लॉगबुक उघडलंस. हिंदुराव खुर्ची ओढून तुझ्या शेजारी बसले. पहिल्यांदाच तुझ्याशी हळू आवाजात बोलले.

"करुणाताई, शेवाळ लिहा."

तू पेन खाली ठेवलंस.

"शेवाळ लिहिलं तर पाण्यावर जाईल. पाण्याला कोण नोकरीवरनं काढत न्हाय. मशीन चालू हाय, कुणाचं काय गेलं न्हाय. मी चेअरमनसाहेबांना सांगतो, पाणी थोडं त्रास देतंय, बघू पुढं."

"पाण्यावर गेलं की टेलवर जातं, साहेब," तू म्हणालीस. "पाण्यामुळे अडथळा आला की पंप चालू, असं साहेबांनीच माइकवर सांगितलंय."

"मग तुमचं तुमी बघा. जूनमध्ये करार हाय तुमचा."

"माहीत आहे."

तू लिहिलंस ते मी वाचलं, कारण मी तुझ्या मागेच उभी होते, अजून दोन्ही थर्मामीटरं हातात धरून. ‘दोन नंबर जाळीवर साडी अडकल्याने पाणी कमी. साडी हिरवी, जरीकाठाची, जलपूजनात सोडलेली. पाण्याचा दोष नाही.’ खाली सही, तारीख, वेळ. गाळ काय भांडायला येतोय, असं तुझ्या वडिलांना म्हणणाऱ्या माणसाचा आवाज मी कधी ऐकला नाही. पण तो कसा असेल ते मला त्या खोलीत कळलं.

पंधरा दिवस पुरे झाले. मेमध्ये चारीवरचा पंप उचलून नेला. त्याचा सिमेंटचा ओटा राहिला आहे, त्यावर आता गोजरबाईच्या शेळ्या बसतात. टेलला उन्हाळी आवर्तनाची पूर्ण पाळी मिळाली. मालनबाईंनी स्वतः दारं धरली, चिखलात पाय रोवून वाफ्यावाफ्याला पाणी वळवलं, आणि मला बांधावर बोलावून घेतलं. बोटाने पाणी दाखवलं. गोजरबाईसुद्धा म्हणाली, "गटाराचं का आसंना, आमचं तर वाचलं."

जूनमध्ये तुझा करार वाढवला नाही. पत्रात कारण नव्हतं. महिन्याभरात तू नागपूरकडे गेलीस. तिकडच्या मोठ्या वीज केंद्राला शहराचं सांडपाणी कधीपासून वापरतात आणि त्यात कुणाला जलपूजन सुचत नाही, असं तू फोनवर सांगितलंस, तेव्हा हसत होतीस. आई डाळिंबासाठी इथेच राहिली.

जायच्या आदल्या दिवशी तू माझ्याकडे आलीस. साडी दोनदा भिजवून धुतली होतीस, इस्त्री करून वर्तमानपत्रात बांधली होतीस, बांगड्या वेगळ्या पुडीत. "बाई, ही राजेश्वरीताईंची. मी गेले तर टोमणा मारायला आले असं वाटेल. तुम्ही नेऊन द्या. सांगा, मी त्यांना धरून नाही लिहिलं. साडी होती म्हणून साडी लिहिलं." मी म्हटलं, उद्याच जाते.

आता ते राहिलेलं सांगते. जलपूजनाच्या दिवशी राजेश्वरीने पदर पाण्याला लावला, साडीची घडी घातली आणि कुंपणापाशी कामगारांच्या बायकांत उभ्या असलेल्या तुझ्या आईकडे बघितलं. मग मला विचारलं, "बाई, ही मालनकाकूंना देऊ ना? पाण्याचं बघते ती त्यांचीच मुलगी." ऊन डोक्यावर आलं होतं, भाषणं लांबली होती, माझे पाय दुखत होते. मी म्हटलं, "पाटकरी आता कुठे राहिलेत? सोड पाण्यात आणि उरक एकदाचं." शाळेत बारा वर्षांची असताना माझं जसं ऐकायची तसंच तिने ऐकलं.

लॉगबुकातल्या त्या ओळीवरून बापूसाहेबांच्या घरात तिला काय ऐकून घ्यावं लागलं, ते मला त्यांच्या स्वयंपाकीणबाईंकडून कळलं. तिने माझं नाव घेतलं नाही. तुलाही कुणी सांगितलं नाही. तुझी नोकरी गेली ती माझ्या एका वाक्याने, आणि तू मात्र मला रिक्षा पाठवलीस.

साडी माझ्या कपाटात वरच्या कप्प्यात आहे, तुझ्याच वर्तमानपत्रात. दिवाळीच्या आधी एकदा काढली, रिक्षा बोलावली, पिशवीत घातली. दारापाशी आल्यावर ठरेना, राजेश्वरीकडे न्यायची की तुझ्या आईकडे. दोन्हीकडे आधी तेच सांगावं लागणार होतं. रिक्षावाल्याने दोनदा हॉर्न दिला. मी त्याला जायला सांगितलं.